प्रमाण एकच, पावडरी दोन : वडगावच्या रंगपाण्यासाठी केलेल्या टायटॅनियम-सिलिकॉन मिश्र ऑक्साइडचं प्रकरण

बेळगावातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षी झालेल्या प्रकल्पाचं हे प्रकरण आहे. विद्यार्थिनी खानापूर तालुक्यातली, मार्गदर्शक मी. तिचे मामा वडगावात सूत रंगवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला आहेत. मागावर चढणाऱ्या सुती लडी तिथं रंगवतात. रंगकाम उरकलं तरी टाकीतल्या पाण्याचा रंग काही जात नाही. ते पाणी सोडण्याआधी उन्हात ठेवून निवळवता येईल अशी पावडर करायची, एवढा तिचा साधा हेतू होता. त्यासाठी तिनं टायटॅनियम आणि सिलिकॉन यांचं मिश्र ऑक्साइड निवडलं.

हाती दोन पावडरी आल्या. दोन्हींत टायटॅनियमच्या १० अणूंमागे सिलिकॉनचे ९० अणू. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, दोन्ही ५०० अंश सेल्सिअसला भाजलेल्या. बाटल्यांवरची चिठ्ठी पुसली असती तर नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखता आल्या नसत्या. वागणूक मात्र पार उलटी निघाली. एक उन्हात हळूहळू का होईना, काम करायची. दुसरी उन्हाला दाद देत नव्हती, पण प्रयोगशाळेतला निळा रंग तिनंच अंधारात बघता बघता ओढून घेतला. प्रकल्प सुरू झाला रंगपाण्यावर आणि पुढे त्याचा खरा विषय ठरला तो या दोन पावडरींमधला फरक.

मी हे सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. आमच्याकडच्या प्रकल्पवह्यांमध्ये ‘मिश्र ऑक्साइड तयार केले’ असं एक वाक्य येतं आणि लगेच उपयोगाचं प्रकरण सुरू होतं. मिश्रण खरोखर झालंय का, आणि झालं असेल तर कुठल्या पातळीवर, हा प्रश्न मधल्या मध्ये गळून जातो. उत्प्रेरकाच्या बाबतीत सगळं त्या प्रश्नात असतं.

दोघांना एकत्र का आणायचं

टायटॅनियम डायऑक्साइड उन्हात काम करतो, हे १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या पाण्याच्या विघटनावरच्या प्रयोगानंतर जगभर गाजलं. त्याची अनाटेस, रुटाइल आणि ब्रुकाइट अशी तीन रूपं निसर्गात सापडतात. प्रकाश-उत्प्रेरणासाठी सहसा अनाटेस वापरतात. त्याची ऊर्जादरी, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश त्याला लागतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात असा अतिनील भाग चार-पाच टक्केच असतो. म्हणजे सुरुवातच तोकड्या भांडवलावर होते.

अनाटेसची दुसरी अडचण उष्णतेची. जास्त तापवला की त्याचे स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात, पृष्ठभाग घटतो, आणि साधारण ६०० ते ७०० अंशांच्या पुढे तो रुटाइलमध्ये बदलायला लागतो. सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड, इथं उपयोगी पडते. सोल-जेल पद्धतीनं (द्रवाचं जेल करून, ते वाळवून भाजून) केलेल्या सिलिकेला ग्रॅममागे शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो, उलट बाजारात मिळणाऱ्या पी-२५ या प्रसिद्ध टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइड) पावडरीला सुमारे ५०. सिलिका अनाटेसच्या कणांच्या मध्ये उभी राहते, त्यांना वाढू देत नाही आणि रुटाइलकडे जाणं लांबवते.

हा झाला एक फायदा, आणि तो दोघे शेजारी शेजारी बसले तरी मिळतो. टायटॅनियमचा अणू सिलिकेच्या जाळ्यात सिलिकॉनच्या जागी जाऊन बसला की जे मिळतं ते वेगळंच असतं. सिलिकेत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, अनाटेसमध्ये प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची लांबी सुमारे १.६ अँगस्ट्रॉम, अनाटेसमधल्या टायटॅनियम-ऑक्सिजनची १.९३ ते १.९८. जाळ्यात शिरायचं तर टायटॅनियमला दोन शेजारी सोडून चारांवर यावं लागतं. तसं झालं की बंध आखडून १.८ च्या आसपास येतो, तरी तो सिलिकॉनच्या जागेत थोडा मोठाच पडतो. म्हणून जाळं फार टायटॅनियम सामावून घेत नाही. प्रमाण वाढलं की टायटॅनियम बाहेर पडून आपलं आपण अनाटेस करायला लागतं. ‘टायटॅनियम-सिलिकॉन मिश्र ऑक्साइड’ या एका नावाखाली अशा दोन टोकांच्या आणि मधल्या सगळ्या वस्तू येतात.

दोन बॅच

कृती कागदावर सोपी आहे. सिलिकॉनसाठी टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्याला प्रयोगशाळेत सगळे टिऑस म्हणतात, आणि टायटॅनियमसाठी टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड. १०:९० या प्रमाणासाठी १८.७५ ग्रॅम टिऑस (सुमारे २० मिलिलिटर) आणि २.८४ ग्रॅम आयसोप्रोपॉक्साइड (सुमारे ३ मिलिलिटर) घेतलं. सगळं ऑक्साइडमध्ये बदललं तर ६.२ ग्रॅम पावडर मिळते आणि तिच्यात वजनानं जवळपास १३ टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असतो. अणूंचे १० टक्के आणि वजनाचे १३ टक्के यांचा घोळ अनेक प्रबंधांत दिसतो, म्हणून हा हिशेब मुद्दाम दिला.

पहिली बॅच, तिला आपण ‘क’ म्हणू, जुलैत झाली. बेळगावचा जुलै म्हणजे खिडकी बंद ठेवली तरी फिल्टर पेपर दमट लागतो. तिनं दोन्ही द्रव इथेनॉलमध्ये एकत्र केले, स्टररवर ठेवले आणि आम्ल घातलेलं पाणी थेंब थेंब सोडायला लागली. पहिल्या काही थेंबांतच फ्लास्कमध्ये नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या दिसायला लागल्या. खरं तर आयसोप्रोपॉक्साइडची बाटली उघडल्यावर तोंडाशी पांढरा धूर आला आणि पिपेटच्या टोकावर पांढरी साय धरली, तेव्हाच हवेतल्या पाण्यानं काम सुरू केलं होतं. जेल झालं ते दुधट आणि अपारदर्शक.

यामागचं कारण दोन अणूंच्या स्वभावात आहे. टायटॅनियम आकारानं मोठा. आयसोप्रोपॉक्साइडमध्ये चार गटांशी जोडलेला असला तरी त्याला आणखी दोन शेजारी हवे असतात, म्हणून पाण्याचा रेणू दिसला की तो लगेच जवळ ओढतो. सिलिकॉन चारांवर समाधानी असतो, पाण्याला सहज जवळ करत नाही, आम्ल किंवा अल्कली घालून त्याला हलवावं लागतं. दोघांना एकाच वेळी पाणी दिलं तर टायटॅनियम सेकंदांत संपतं आणि सिलिकॉन तासन् तास रेंगाळतो. तोपर्यंत टायटॅनियमचे गोळे आपापसांत बांधले गेलेले असतात. नंतर येणारी सिलिका त्यांच्याभोवती बसते, आत शिरत नाही.

दुसरी बॅच ‘ख’. इथं क्रम बदलला. आधी टिऑसला लागेल त्याहून कमी पाणी आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल देऊन अर्धवट हायड्रोलिसिस (पाण्याशी अभिक्रिया) करून घेतलं, म्हणजे सिलिकॉनवर हायड्रॉक्सिल गट तयार झाले आणि मोकळं पाणी जवळपास संपलं. दुसऱ्या, ओव्हनमध्ये वाळवलेल्या फ्लास्कमध्ये आयसोप्रोपॉक्साइडला ॲसिटाइलॲसिटोन दिलं. तो टायटॅनियमला दोन हातांनी धरतो आणि पाण्याची वाट अडवतो. द्रव लगेच पिवळा होतो, आणि हा पिवळेपणा दिसला की काम बरोबर चाललंय असं समजावं. मग हे दोन द्रव एकत्र केले. आता टायटॅनियमच्या समोर मोकळं पाणी नव्हतं, सिलिकॉनवरचे हायड्रॉक्सिल होते, त्यामुळे जोडणी टायटॅनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी व्हायला लागली. राहिलेलं पाणी सगळ्यात शेवटी, सावकाश. जेल काचेसारखं आरपार दिसणारं, पिवळसर निघालं. भाजल्यावर रंग गेला आणि पांढरी पावडर राहिली.

जेल दुधट की पारदर्शक, ही सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. तिला यंत्र लागत नाही. तरी प्रकल्पवहीत ही नोंद बहुतेक वेळा नसते.

मिसळलंय का, हे कसं कळणार

आमच्याकडे एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारं यंत्र, नाही. नमुने एक तर धारवाडला पाठवायचे नाही तर कोल्हापूरला. सीमाभागातल्या विद्यार्थ्याला दोन्ही विद्यापीठं जवळ आणि दोन्हीकडे रांग. निकाल आले तेव्हा ‘क’मध्ये २५.३ अंशांच्या कोनावर रुंद पण स्पष्ट शिखर होतं, म्हणजे अनाटेस. ‘ख’मध्ये २२-२३ अंशांच्या आसपास अस्फटिकी सिलिकेचा नुसता फुगवटा. बाकी काही नाही.

ती घाबरली. “सर, माझ्या पावडरीत टायटॅनियम आलंच नाही वाटतं ओ.” आलं होतं. फिल्टर करून धुऊन टाकण्यासारखं या कृतीत काही नसतं, जेल अख्खं वाळवून भाजतात, त्यामुळे घातलेलं टायटॅनियम जाणार कुठं? एक्सआरडीला लांबवर ओळीनं लागलेले अणू दिसतात, विखुरलेले दिसत नाहीत. पण याच्या उलट टोकाला जाऊन ‘शिखर नाही म्हणजे टायटॅनियम अणू-अणूनं मिसळलं’ असं लिहिणंही चूक आहे. दोन-तीन नॅनोमीटरचे अनाटेसचे कण असले तरी शिखर इतकं पसरतं की फुगवट्यात बुडून जातं. एक्सआरडी ‘क’बद्दल ठाम बोलली, ‘ख’बद्दल गप्प राहिली.

मग एफटीआयआर, म्हणजे पदार्थातले बंध कुठला अवरक्त प्रकाश शोषतात ते दाखवणारी चाचणी. टायटॅनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधाचा पट्टा ९४० ते ९६० सेंमी⁻¹ च्या आसपास येतो. सिलिकेचे स्वतःचे मोठे पट्टे १०८०-११०० आणि ८०० ला. ‘ख’मध्ये ९५० जवळ चांगला खांदा होता आणि ती तो वहीत चिकटवून मोकळी झाली होती. मी तिला तो पुन्हा करायला लावला. सिलिकॉनवरच्या हायड्रॉक्सिल गटाचा पट्टाही याच भागात येतो आणि ओल्या सिलिकेत तो दणकून दिसतो. नुसत्या टिऑसपासून, त्याच कृतीनं, त्याच तापमानाला भाजलेली शुद्ध सिलिका शेजारी ठेवल्याशिवाय ९५० च्या पट्ट्यावर बोट ठेवता येत नाही. तशी तुलना केल्यावर ‘ख’चा पट्टा शुद्ध सिलिकेपेक्षा ठळक निघाला. ‘क’चा जेमतेम तेवढाच. पुरावा झाला, पण निर्णायक म्हणण्याइतका नाही.

निर्णायक ठरला तो परावर्तन पद्धतीचा यूव्ही-व्हिजिबल आलेख, म्हणजे पावडर कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषते ते दाखवणारा, आणि माझ्या मते या पदार्थासाठी एकच यंत्र परवडत असेल तर हेच वापरावं. सिलिकेच्या जाळ्यात एकट्या, चार ऑक्सिजनवाल्या टायटॅनियमचं शोषण २१० ते २३० नॅनोमीटरला येतं. दोन-चार टायटॅनियम एकमेकांना जोडले गेले आणि सहा शेजाऱ्यांकडे वळले की ते २६०-२९० कडे सरकतं. अनाटेसचा कडा ३७०-३९० पर्यंत पोचतो. ‘क’ थेट त्या शेवटच्या गटात. ‘ख’चं मुख्य शोषण २२० च्या आसपास, २७० कडे उतरता खांदा आणि ३३० च्या पुढे जवळपास काहीच नाही. म्हणजे बरंचसं टायटॅनियम एकटं, काही छोट्या टोळक्यांत, आणि अनाटेस जवळजवळ नाही. १० टक्क्यांना याहून चांगलं मिश्रण सहसा होत नाही.

एक सूचना इथं द्यावीशी वाटते. एकट्या टायटॅनियमला हवेतलं पाणी मिळालं तर तो ते धरून शेजारी वाढवतो आणि शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला नमुना तसाच मोजला तर चांगलं मिसळलेलं ऑक्साइडही वाईट दिसेल. नमुना तापवून, डेसिकेटरमध्ये थंड करून लगेच मोजावा.

आम्लता : तानाबेंचं गणित आणि त्याची हद्द

दोन्ही ऑक्साइडं वेगवेगळी फारशी आम्लधर्मी नाहीत, एकत्र आली की आम्लता वाढते. असं का, याचं एक देखणं उत्तर १९७४ मध्ये कोझो तानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. नियम दोनच. धातूचा अणू मिश्रणातही आपल्या जुन्या शेजाऱ्यांची संख्या राखतो, आणि ऑक्सिजन ज्या ऑक्साइडचं प्रमाण जास्त आहे त्याच्यासारखा वागतो.

आमच्या पावडरीत सिलिका जास्त. म्हणून ऑक्सिजन सिलिकेसारखा दोन शेजाऱ्यांचा, प्रत्येक बंधाला उणे १. टायटॅनियमचा भार ४, शेजारी ६, म्हणजे प्रत्येक बंधाला अधिक २/३. फरक उणे १/३, सहा बंधांचे मिळून उणे २. हा ऋणभार फेडायला प्रोटॉन येतात, म्हणून ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारी) आम्लता. उलट टायटॅनिया जास्त असेल तर ऑक्सिजन तीन शेजाऱ्यांचा, प्रत्येक बंधाला उणे २/३. सिलिकॉनचा प्रत्येक बंधाला अधिक १. फरक अधिक १/३, चार बंधांचा अधिक ४/३, म्हणून लुइस (इलेक्ट्रॉनची जोडी घेणारी) आम्लता. फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येणारं आणि बऱ्याच ऑक्साइडांच्या जोड्यांना लागू पडणारं हे गणित मला मनापासून आवडतं.

पण ते ‘ख’ला आहे तसं लावता येत नाही. गणित धरून चालतं की टायटॅनियम सहा शेजारी राखतो. यूव्ही आलेख सांगतो की ‘ख’मधला बराचसा टायटॅनियम चारांवर आलाय. चार शेजाऱ्यांचा टायटॅनियम म्हणजे प्रत्येक बंधाला अधिक १, समोर ऑक्सिजनचा उणे १, फरक शून्य. या हिशेबानं पूर्ण मिसळलेल्या जागेवर ब्रॉन्स्टेड आम्लता असायलाच नको. ती दिसली तर ती अर्धवट मिसळलेल्या, पाच-सहा शेजारी असलेल्या टोळक्यांमधून आली असं धरणं जास्त रास्त. एकट्या चार-शेजारी टायटॅनियमची आम्लता लुइस प्रकारची असते, कारण तो आणखी एक-दोन रेणू जवळ घ्यायला तयार असतो. पिरिडीन शोषवून एफटीआयआर काढला तर १४५० च्या आसपास लुइस आणि १५४० ला ब्रॉन्स्टेड असे दोन पट्टे वेगळे दिसतात. आमच्या सेलमध्ये नमुना नीट निर्वात करता आला नाही, म्हणून प्रबंधात आम्लतेचा भाग फक्त गुणात्मक ठेवला. आकडे ओढूनताणून बसवण्यापेक्षा ते बरं.

रंगपाणी

आता मूळ कामाकडे. तिनं आधी मेथिलीन ब्ल्यू हा प्रयोगशाळेतला निळा रंग घेतला, सगळेच घेतात. संध्याकाळी फोन आला : “सर, रंग गेलाय की ओ! ‘ख’नं सगळा निळा घालवला.” मी विचारलं, “उन्हात ठेवलं होतंस?” नव्हतं. ढगाळ होतं, बीकर टेबलावरच होता. “मग तळाची पावडर कुठल्या रंगाची आहे बघ.” पावडर निळी होती.

रंग तुटला नव्हता, जागा बदलून बसला होता. सिलिकेचा पृष्ठभाग पीएच २ च्या वर ऋणभारित होतो. टायटॅनियाचा शून्यबिंदू, म्हणजे जिथं पृष्ठभागावर भार उरत नाही तो पीएच, ६ च्या आसपास. साध्या पाण्यात ‘ख’ म्हणजे प्रचंड पृष्ठभागाची, ऋणभारित पावडर, आणि मेथिलीन ब्ल्यू हा धनभारित रंग. दोघांची गाठ पडणारच. म्हणून अंधारात आधी पावडरीवर रंग बसणं थांबेपर्यंत थांबायचं आणि मगच उन्हात काढायचं, हा नियम आहे. मेथिलीन ब्ल्यू स्वतः प्रकाश शोषतो आणि उत्प्रेरक नसतानाही थोडा फिका पडतो, त्यामुळे पावडर नसलेला बीकरही शेजारी ठेवावा लागतो.

हे सगळं पाळून पुन्हा केल्यावर ‘ख’ उन्हात ढिम्म. त्याचं उत्तर यूव्ही आलेखात आधीच होतं. ‘ख’ ३३० नॅनोमीटरच्या पुढे काही शोषतच नाही आणि ओझोनच्या थरामुळे ३०० च्या खालचा सूर्यप्रकाश जमिनीवर जवळपास येत नाही. मध्ये उरते ती बारीक फट. टायटॅनियम जितकं चांगलं मिसळलं, तितकं ते उन्हाला आंधळं झालं. बिघडली असं वाटलेली ‘क’, जिच्यात टायटॅनियम गुठळ्या करून अनाटेस झालं, तिनंच उन्हात निळा रंग सावकाश उतरवला आणि तळाची पावडर पुन्हा पांढरी झाली.

मग मामांनी टाकीतलं पाणी कॅनमध्ये आणून दिलं. आता खेळ बदलला. सुतावर चढवतात ते रिॲक्टिव्ह रंग. त्यांच्यावर सल्फोनेट गट असतात, म्हणजे ते ऋणभारित. रंग धाग्यावर बसावा म्हणून टाकीत भरपूर मीठ आणि नंतर तो पक्का व्हावा म्हणून सोडा घालतात, पाण्याचा पीएच १०-११ पर्यंत जातो. त्या पीएचला सिलिका ऋण, टायटॅनियाही ऋण, रंगही ऋण. पावडरीजवळ रंग फिरकेना. शिवाय उन्हात पावडरीवर तयार होऊन रंग तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलना सोड्यातलं कार्बोनेट वाटेतच गिळतं, गडद रंग प्रकाश आत जाऊ देत नाही, आणि ९ च्या वरच्या पीएचला सिलिका स्वतःच विरघळायला लागते. पावडर टाकली तर पाण्याचं काम होण्याआधी पावडरच झिजणार. ‘ख’मधले टायटॅनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधही अल्कलीत टिकाऊ नसतात.

पाणी बरंच पातळ करून, आम्ल घालून पीएच ५ च्या आसपास आणल्यावर ‘क’नं थोडा परिणाम दाखवला. आम्लानं कार्बोनेट वायू होऊन निघून गेलं आणि अनाटेसच्या कणांवर थोडा धनभार आला, त्याचा तो परिणाम. मीठ होतं तिथंच राहिलं.

मामांनी विचारलं ते अगदी नेमकं होतं : “सर, एका टाकीला पावडर किती लागंल आणि किलोला काय पडंल?” प्रयोगशाळेत लिटरला एक ग्रॅम पावडर हे नेहमीचं प्रमाण. हजार लिटरच्या टाकीला एक किलो. आमच्या कृतीनं एक किलोसाठी तीन किलो टिऑस आणि जवळपास अर्धा किलो टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड लागतं, वर इथेनॉल आणि भट्टीची वीज. आणि मग ती मैद्याहून बारीक पावडर टाकीतून परत काढायची कशी? मी त्यांना सरळ सांगितलं की मामा, तुमच्या टाकीसाठी हे आज उपयोगाचं नाही. फेरस सल्फेट आणि चुन्यानं जेवढा रंग खाली बसतो तेवढा बसवणं स्वस्त पडेल. पण शहापूर-वडगावच्या शिवारातल्या भाताला रंगापेक्षा मीठ जास्त नडतं, आणि मीठ कुठल्याही प्रकाश-उत्प्रेरकानं जात नाही. डोळ्यांना रंग दिसतो म्हणून आपण सगळे रंगाच्या मागे लागतो. टाकीत मीठ कमी घालता येईल का, निदान पहिलं खारं पाणी वेगळं धरता येईल का, हे आधी बघायला हवं. मामांनी ते मनावर घेतलं आणि मालकाच्या कानावर घातलं.

मग ‘ख’ कशाला

प्रकल्प इथं वळला. ‘ख’वर हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाकला तर पांढरी पावडर तिथल्या तिथं लख्ख पिवळी होते. ‘क’वर तोच थेंब फिका पिवळा ठिपका सोडतो, कारण अनाटेसच्या गुठळीतला आतला टायटॅनियम पेरॉक्साइडला भेटतच नाही, फक्त वरचा भेटतो. हा पिवळा रंग म्हणजे टायटॅनियमनं पेरॉक्साइड धरल्याची खूण, आणि धरलेला तो ऑक्सिजन तो दुसऱ्या रेणूला देऊ शकतो.

उद्योगात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर चालते. शेल कंपनीनं १९७० च्या दशकात सिलिकेवर विखुरलेलं टायटॅनियम वापरून प्रोपिलीनपासून प्रोपिलीन ऑक्साइड करण्याची पद्धत आणली. १९८३ मध्ये इटलीतल्या तारामासो, पेरेगो आणि नोतारी यांच्या नावावर टीएस-१ चं पेटंट आलं. हे स्फटिकी सिलिकेच्या जाळ्यात सिलिकॉनच्या जागी थोडे टायटॅनियम बसवलेलं झिओलाइट, म्हणजे रेणूएवढ्या पोकळ्या असलेला स्फटिक. ते पाण्यातला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून फिनॉलपासून कॅटेकोल आणि हायड्रोक्विनोन करतं. तिथं टायटॅनियमचं प्रमाण अणूंच्या अडीच टक्क्यांच्या आसपास थांबतं, कारण स्फटिकाचं जाळं त्याहून जास्त घेत नाही. आमचं अस्फटिकी ‘ख’ १० टक्के घेतं, पण त्याचा पृष्ठभाग हायड्रॉक्सिलनी भरलेला, पाण्याचा भुकेला. पाणी असलं की टायटॅनियमच्या जागा पाणीच अडवतं. टीएस-१ ची पोकळी पाण्याला दूर ठेवते, म्हणून ते पाण्यातला पेरॉक्साइड वापरू शकतं. ‘ख’ला पाणी नसलेला ऑक्सिडीकारक लागतो.

म्हणून तिनं सायक्लोहेक्झिन आणि टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड घेतलं, वॉटर बाथवर, कोरड्या द्रावकात. किती पेरॉक्साइड खर्च झालं ते आयोडोमेट्रीनं मोजायचं. टायट्रेशन आमच्याकडे कुणालाही बिनचूक येतं आणि त्याला कोल्हापूर-धारवाडची रांग लागत नाही. ‘ख’च्या फ्लास्कमध्ये पेरॉक्साइड भराभर घटलं, ‘क’च्या फ्लास्कमध्ये रेंगाळलं. मात्र पेरॉक्साइड खर्च होणं म्हणजे इपॉक्साइड (सायक्लोहेक्झिनच्या दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसून होणारं संयुग) तयार होणं नव्हे, ते वाया जाऊनही घटतं. म्हणून काही नमुने गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवले, आणि ‘ख’मध्ये इपॉक्साइड दिसल्यावरच ते वाक्य प्रबंधात गेलं.

आणखी एक चाचणी तिनं केली, तिचं मला विशेष कौतुक वाटतं. अभिक्रिया मध्यावर आली असताना द्रव गरम गरम गाळून पावडर काढून टाकली आणि नुसता गाळलेला द्रव पुन्हा तापवत ठेवला. अभिक्रिया तशीच चालू राहिली असती तर टायटॅनियम पावडरीतून सुटून द्रवात गेलं असा अर्थ होता, मग घन उत्प्रेरकाच्या साऱ्या गोष्टी व्यर्थ. ती जवळपास थांबली. गार करून गाळलं असतं तर सुटलेलं टायटॅनियम पुन्हा पावडरीवर बसायची शक्यता होती, म्हणून गरमच गाळायचं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं की यमनापूरच्या ॲल्युमिना कारखान्याच्या लाल चिखलातही टायटॅनियम आणि सिलिका असते, मग त्यातूनच हा उत्प्रेरक का नाही? आमच्या घाटमाथ्यावरच्या बॉक्साइटमध्ये टायटॅनियमचं प्रमाण लक्षणीय असतं आणि ते चिखलात उरतं, हे खरं. तिनं उत्तर दिलं की तिथं दोघं एका ढिगात आहेत, एका जाळ्यात नाहीत, वर लोखंड भरपूर, आणि लोखंड पेरॉक्साइडला फुकट तोडून टाकतं. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न घेतला.

रंगपाण्याचं काम पुढच्या बॅचच्या एका विद्यार्थ्याकडे गेलंय. तो आता टायटॅनियमला सिलिकेत मिसळायच्या भानगडीत पडत नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वापरतात तसली धुतलेली सिलिका वाळू घेऊन तिच्या कणांवर अनाटेसचा थर चढवतोय, म्हणजे पावडर गाळायची कटकट नको. वाळूवर थर टिकावा म्हणून सांध्यापुरते टायटॅनियम-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध हवेत आणि ऊन पकडायला वर शुद्ध अनाटेस हवा, म्हणून पहिला थर तो ‘ख’च्या कृतीनं देतो आणि त्यावरचे ‘क’सारखे. ५०० अंशांना भाजल्यावर थर वाळूवर बसतो, पण जोरात ढवळलं की कडेनं सुटतो. सध्या तो भाजण्याचा वेग कमी करून आणि थर पातळ ठेवून बघतोय.